पावसाळ्यात कॉस्टिकचं बळ का उतरतं आणि दोन केमिस्टांची रीडिंग का जुळत नाहीत

अंधेरीच्या एका औषधी क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमधून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैच्या सुरुवातीला ०.१ एम (लिटरला ०.१ मोल) सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक, एक लिटर बनवलं आणि ते ऑटोमॅटिक ब्युरेटच्या (द्रावण थेंबाथेंबाने सोडून मोजणाऱ्या नळीच्या) बाटलीत भरलं. केएचपीवर (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, अचूक तोलता येणारं शुद्ध आम्ल) त्याचं बळ ०.०९९८ आलं. दोन आठवड्यांनी त्याच द्रावणाचं केएचपीवर ०.०९७९ आलं, पण त्याच दिवशी स्टँडर्ड (बळ माहीत असलेल्या) एचसीएलसमोर, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लासमोर, मिथाइल ऑरेंज या रंग बदलणाऱ्या इंडिकेटरवर ०.०९९६ मिळालं. यातला खरा आकडा कोणता? दुसरं, दोन केमिस्टांच्या रीडिंगमध्ये ०.१५ मिलीचा फरक कायम राहतो. तिसरं, ही सगळी दगदग टाळायला रेडीमेड अँप्यूल (लिटरभर द्रावणाला लागणारं कॉस्टिक मोजून भरलेली बंद कुपी) घ्यावी का?

दोन्ही आकडे खरे आहेत, आणि त्यांच्यातला फरकच दुखणं कुठे आहे ते सांगतो. तुमच्या द्रावणात कार्बोनेट तयार झालं आहे.

कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कॉस्टिकचे दोन रेणू खातो आणि सोडियम कार्बोनेटचा एक रेणू देतो. मिथाइल ऑरेंज ३.१ ते ४.४ पीएचला रंग बदलतं. तिथवर जाताना कार्बोनेट पूर्ण उदासीन होतं, म्हणून एकूण अल्कली जितकी होती तितकीच मोजली जाते. केएचपीसाठी वापरायचा इंडिकेटर म्हणजे फिनॉल्फथॅलिन, त्याचा रंग मात्र ८.३ च्या आसपास जातो-येतो. तिथे कार्बोनेट बायकार्बोनेटवरच थांबतं, म्हणजे त्याची अर्धी ताकद हिशेबात येतच नाही. ०.०९९६ मधून ०.०९७९ वजा केले की ०.००१७ उरतात. तुमच्या लिटरभर द्रावणात कार्बोनेट साधारण एवढे मोल आहे. त्यासाठी ०.००३४ मोल कॉस्टिक खर्ची पडलं, म्हणजे मूळ कॉस्टिकपैकी सुमारे ३.४ टक्के.

आता हा वायू आला कुठून ते पाहू. ०.००१७ मोल म्हणजे अंदाजे ७५ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. मुंबईच्या खोलीतल्या तापमानाला त्याचं आकारमान ४२ मिलीच्या आसपास भरतं. हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो, तेव्हा एवढा वायू यायला साधारण १०० लिटर हवेतला सगळा कार्बन डायऑक्साइड बाटलीत यावा लागतो. दिवसातून चारदा झाकण उघडून एवढं होत नाही. बाटलीचं तोंड किंवा हवेची वाट सतत उघडी असेल तरच होतं. ऑटोमॅटिक ब्युरेटला हवा आत घेण्यासाठी एक नळी असते. तिच्यावर काय बसवलं आहे ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी तिथे सिलिका जेल किंवा कॅल्शियम क्लोराइड भरलेली नळी दिसते. ही दोन्ही ओलावा अडवतात, कार्बन डायऑक्साइड अडवत नाहीत. तिथे सोडा लाइमच (कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) हवा, शक्यतो रंग बदलणारा, म्हणजे संपला की डोळ्यांना दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाचे सैल बोळे घाला. बोळा घट्ट बसला तर ब्युरेट भरायला वेळ लागतो आणि कोणीतरी वैतागून नळीच काढून ठेवतं.

मग आज कोणता आकडा वापरायचा? स्टँडर्डायझेशनला (द्रावणाचं खरं बळ ठरवताना) जो इंडिकेटर, तोच नमुन्याला, हा नियम पाळला तर द्रावण थोडं बिघडलेलं असूनही उत्तर बरंचसं बरोबर येतं. नमुना फिनॉल्फथॅलिनवर करणार असाल तर ०.०९७९ घ्या. तरी माझं मत विचाराल तर हे द्रावण टाकून द्या. कार्बोनेट असलं की फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग स्वच्छ येत नाही. तो येतो, विरतो, परत येतो, आणि प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने कुठेतरी थांबतो. तुमच्या दोन केमिस्टांमधल्या फरकाचा काही भाग इथूनही आलेला असू शकतो.

नवीन द्रावण बनवताना चार ग्रॅम पेलेट्स चार दशांशांपर्यंत तोलण्यात वेळ घालवू नका. पावसाळ्यात पेलेट बाटलीबाहेर काढल्यापासून पाणी ओढू लागते, आणि तिच्यावर कार्बोनेटचा पांढरट थर आधीपासूनच असतो. कॉस्टिक हे प्रायमरी स्टँडर्ड, म्हणजे नुसतं तोलून बळ ठरवता येईल असा पदार्थ, नाही. त्याचं खरं बळ केएचपी सांगणार आहे. उपयोगी पद्धत अशी आहे की आधी ५० टक्के द्रावण करून ठेवायचं. पॉलिप्रॉपिलीनच्या बीकरमध्ये ५० मिली पाणी घ्या, बीकर गार पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा आणि ५० ग्रॅम पेलेट्स थोड्या थोड्या करून घाला. द्रावण खूप तापतं आणि त्याचे शिंतोडे डोळ्यांना घातक असतात, म्हणून गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय हे करू नका. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या एचडीपीई बाटलीत भरून काही दिवस न हलवता ठेवा. एवढ्या तीव्र कॉस्टिकमध्ये सोडियम कार्बोनेट जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण रबरी बल्ब लावलेल्या पिपेटने काढा. ५.३ ते ५.५ मिली घेऊन लिटरभर केलं की ०.१ एमच्या जवळपास येतं.

लिटर भरायचं पाणीही तितकंच महत्त्वाचं आहे. कॅनमध्ये साठवलेल्या डिस्टिल्ड पाण्याचा पीएच ५.६-५.७ च्या आसपास असतो, तो त्यात मुरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळेच. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा आणि झाकून गार करा. उघडं ठेवून गार केलं तर उकळणं वाया जातं. तयार द्रावण काचेच्या बाटलीत ठेवू नका, कारण कॉस्टिक काच हळूहळू खातं आणि काचेचं बूच जागीच बसतं. जाड एचडीपीई चांगलं.

केएचपी ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवा. ओव्हन १२५ च्या वर जाऊ देऊ नका, विघटनाचा धोका असतो. डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) पूर्ण गार होऊ द्या. गरम बाटली तराजूवर ठेवली तर तिच्याभोवतीची हवा वर सरकते आणि वजन कमी दिसतं. डेसिकेटरमधलं सिलिका जेल जुलै-ऑगस्टमध्ये भराभर ओलं होतं. त्याचा रंग रोज बघा, बदलला असेल तर ओव्हनमध्ये तापवून परत घ्या.

०.१ एम कॉस्टिकचे २५ मिली खर्च व्हायला ०.५१ ग्रॅम केएचपी लागतं. त्याचा रेणुभार २०४.२२ इतका मोठा आहे हीच त्याची मोठी सोय आहे. अर्धा ग्रॅम तोलताना ०.१ मिलिग्रॅमची चूक झाली तरी ती ०.०२ टक्केच पडते. शिवाय ते हवेतला ओलावा फारसा घेत नाही, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात केएचपी तुम्हाला सांभाळून घेतं. सोडियम कार्बोनेट तसं नाही. एचसीएलसाठी ते २७० अंशांवर तासभर तापवावं लागतं, २५ मिलीला जेमतेम ०.१३ ग्रॅम लागतं, आणि उघड्या कागदावर तोलायला घेतलं तर तराजूचा आकडा डोळ्यांदेखत वर चढतो. ते नेहमी बूच असलेल्या वेइंग बॉटलमधून, आधीचं आणि नंतरचं वजन घेऊन वजाबाकीने तोला.

तोललेलं केएचपी उकळून गार केलेल्या ७५ मिली पाण्यात पूर्ण विरघळवा. त्याचे खडे सावकाश विरघळतात. एकही कण शिल्लक असताना सुरुवात केली तर एंड पॉइंट (रंग बदलल्याने थांबायची खूण) आला असं वाटतं आणि मिनिटाभराने रंग जातो. फिनॉल्फथॅलिनचे दोनच थेंब घाला. शेवटी फ्लास्कच्या भिंती वॉश बॉटलने धुऊन घ्या आणि ३० सेकंद टिकणारा पहिला फिकट गुलाबी रंग पकडा. त्यानंतर रंग गेला तर तो हवेतल्या वायूमुळे जातो, त्याच्या मागे लागू नका. तेवढंच पाणी आणि तेवढाच इंडिकेटर घेऊन ब्लँकही (केएचपी न घालता तीच चाचणी) करा.

हिशेबाचं उदाहरण घेऊ. वजन ०.५११८ ग्रॅम, रीडिंग २५.१० मिली, ब्लँक ०.०५ मिली. ५११.८ ला २०४.२२ ने भागलं की २.५०६१ मिलिमोल. त्याला २५.०५ ने भागलं की ०.१०००४. ब्लँक वजा करायला विसरलात तर ०.०९९८५ येतं, म्हणजे केवळ त्या एका थेंबाने ०.२ टक्के गेले. तीन निर्धारणांचा आरएसडी (निकालांमधला टक्केवारीतला विखुरलेपणा) ०.२ टक्क्यांच्या आत असावा अशी अपेक्षा औषधी लॅबमध्ये सहसा ठेवतात, तेव्हा एका थेंबाची किंमत लक्षात येईल.

आता ०.१५ मिलीचा फरक. तो कुणाच्या हातामुळे पडतो हे ठरवण्याआधी दोन साध्या चाचण्या करा. पहिली, दोघांनी ब्युरेटची अदलाबदल करावी. फरक ब्युरेटबरोबर गेला तर दोष काचेचा, माणसाबरोबर राहिला तर पद्धतीचा. दुसरी, एकदा ०.२५ ग्रॅम आणि एकदा ०.५ ग्रॅम केएचपी घ्या. दोन्ही वेळा फरक ०.१५ च राहिला तर तो एंड पॉइंट ओळखण्यातला किंवा ब्लँकमधला आहे. वजन निम्मं केल्यावर फरकही निम्मा झाला तर ब्युरेटचं आकारमान किंवा द्रावणाचं तापमान तपासा.

क्लास ए ५० मिली ब्युरेटला ०.०५ मिलीची सूट असते, क्लास बीला ०.१० मिलीची. एक क्लास ए आणि एक क्लास बी विरुद्ध बाजूंना चुकल्या तर तुमचे ०.१५ तिथेच सापडतात! प्रिन्सेस स्ट्रीटवरून काचसामान घेताना नुसतं ‘ए ग्रेड’ म्हणून घेऊ नका. ब्युरेटवर क्लास ए, अनुक्रमांक आणि संदर्भ तापमान कोरलेलं आहे का ते पाहा आणि बॅचचं सर्टिफिकेट मागा. भारतीय बनावटीवर संदर्भ तापमान बहुधा २७ अंश असतं, आयात मालावर २०. लॅबमध्ये दोन्ही जातींची सरमिसळ असेल तर निदान त्यांच्यावर वेगळ्या चिठ्ठ्या तरी लावा.

ब्युरेट स्वतः तपासणं अवघड नाही. खोलीच्या तापमानाचं पाणी भरा, १० मिली सोडा, तोललेल्या आणि बूच असलेल्या फ्लास्कमध्ये गोळा करून तोला. २७ अंशांना हवेत तोललेल्या १० मिली पाण्याचं वजन ९.९५५ ग्रॅम भरायला हवं. असं ५० पर्यंत दर दहा मिलीला करून दुरुस्तीचा तक्ता भिंतीवर लावा.

दोष माणसाकडे निघाला तर बहुतेक वेळा कारण पुढच्यांपैकीच एखादं असतं. कॉकच्या खाली अडकलेला हवेचा बुडबुडा टायट्रेशनच्या मधेच निसटतो आणि रीडिंग वाढवतो. भरायचं फनेल वरच राहतं आणि त्यातून एखादा थेंब ओघळतो. द्रावण घाईने सोडून लगेच वाचलं जातं, पण भिंतीवरचा पातळ थर खाली यायला ३० सेकंद लागतात. मेनिस्कस (द्रावणाचा वाकलेला पृष्ठभाग) वाचताना डोळा वर-खाली असतो. अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कार्डाचा तुकडा मागे धरला की ही अडचण जवळपास संपते. आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे एकाचा ‘फिकट गुलाबी’ दुसऱ्याच्या मते ‘अजून आलाच नाही’. यावर उपाय एकच आहे. योग्य रंगाचा एक फ्लास्क बनवून पांढऱ्या टाइलवर शेजारी ठेवा आणि दोघांनीही त्याच्याशी जुळवून थांबा. शेवटी पूर्ण थेंब टाकू नका. थेंब टोकावर अर्धा लोंबला की फ्लास्कच्या भिंतीला टेकवून पाण्याने आत ढकला. पूर्ण थेंब ०.०५ मिलीचा असतो.

धुण्याबद्दलही एक गोष्ट सांगतो, कारण नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात. ब्युरेट टायट्रंटने (तिच्यात भरायच्या द्रावणाने) खळबळायची, पिपेट नमुन्याच्या द्रावणाने, कोनिकल फ्लास्क फक्त पाण्याने. फ्लास्क नमुन्याने खळबळला तर मोजलेल्यापेक्षा जास्त नमुना आत जातो. पिपेटच्या टोकात उरलेला थेंब फुंकायचा नाही, टोक भिंतीला टेकवून काढून घ्यायचं.

तापमान हा मुंबईत दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. एसी चालू असताना २४ अंशांना स्टँडर्डायझेशन केलं आणि रविवारी बंद राहिलेल्या खोलीत सोमवारी सकाळी ३२ अंशांना नमुना केला, तर पाण्यातलं द्रावण सुमारे ०.२ टक्के फुगलेलं असतं. २५ मिलीत ०.०६ मिलीच्या जवळपास फरक. जलीय द्रावणांत हे एकवेळ खपून जातं. ग्लेशियल अॅसिटिक अॅसिडमधल्या ०.१ एम परक्लोरिक अॅसिडमध्ये मुळीच खपत नाही. अॅसिटिक अॅसिड दर अंशाला ०.११ टक्के फुगतं, म्हणजे त्याच ८ अंशांत ०.८८ टक्के, २५ मिलीत ०.२२ मिली. नॉन-अॅक्वस (पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावकातल्या) टायट्रेशनचा निकाल पुन्हा पुन्हा ९९ टक्क्यांच्या खाली येत असेल तर आधी दोन्ही दिवसांचं द्रावणाचं तापमान वहीत लिहिलंय का ते पाहा. दुरुस्ती सोपी आहे. नमुन्याच्या वेळचं तापमान स्टँडर्डायझेशनच्या तापमानातून वजा करा, ०.००११ ने गुणा, त्यात १ मिळवा आणि मिळालेल्या मिलीला त्याने गुणा. खोली तापली असेल तर हा गुणक १ पेक्षा कमी येतो, गार झाली असेल तर जास्त. उलटा आला तर वजाबाकी चुकली असं समजा. तापमान मात्र द्रावणाचं घ्या, भिंतीवरच्या थर्मामीटरचं नको.

तुमच्या लॅबमध्ये इतर द्रावणंही असणार, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं लिहितो.

०.१ एम थायोसल्फेटला लिटरमागे २४.८ ग्रॅम पेंटाहायड्रेट घ्या, पाणी उकळून गार केलेलंच, आणि ०.२ ग्रॅम सोडियम कार्बोनेट घाला. आम्ल आणि जीवाणू ही त्याची दोन दुखणी आहेत. द्रावण गढूळ दिसलं, गंधकाचा पांढरट धुरळा आला, की पुन्हा स्टँडर्डाइज करत बसू नका, ओतून टाका. स्टँडर्डायझेशनला वाळवलेलं पोटॅशियम डायक्रोमेट ०.१२ ते ०.१३ ग्रॅम, दोन ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि आम्ल घाला, बूच लावून पाच मिनिटं अंधारात ठेवा, मग पाणी घालून टायट्रेट करा. उजेडात ठेवलं तर हवाच आयोडाइडमधून जादा आयोडीन काढते. स्टार्च रंग गवतासारखा पिवळट झाल्यावरच घाला. आधी घातलं तर आयोडीन स्टार्चमध्ये अडकून बसतं आणि निळा रंग हटत नाही. शेवटी उरणारा फिकट हिरवा रंग क्रोमियमचा असतो, तो जाणार नाही.

परमँगनेट (०.०२ एमला लिटरमागे ३.१६ ग्रॅम) उकळून, गार करून सिंटर्ड काचेतून गाळा. फिल्टर पेपरवर ते कागदच जाळतं, आणि तयार होणारा मँगनीज डायऑक्साइड पुढच्या विघटनाला चालना देतो. सोडियम ऑक्झलेटसमोर घेताना आम्ल सल्फ्युरिकच हवं, कारण एचसीएलमधल्या क्लोराइडचंही ऑक्सिडेशन होतं. फ्लास्क ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. पहिले थेंब सावकाश विरतात म्हणून घाबरू नका. मँगनीजचे आयन तयार झाले की वेग आपोआप वाढतो. गडद रंगामुळे इथे मेनिस्कसची वरची कड वाचायची असते, सुरुवातीला आणि शेवटीही.

ईडीटीएबद्दल (पाण्याची कठीणता मोजायच्या द्रावणाबद्दल) मुंबईसाठी खास सांगायचं तर, महापालिकेचं तलावांतून येणारं पाणी मऊ असतं आणि बोअरवेलचं, टँकरचं बऱ्याचदा कठीण. एकच पद्धत दोन्हींना लावली तर मऊ पाण्याचा निकाल बिघडतो. समजा कठीणता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) लिटरला ४० मिलिग्रॅम आहे. ५० मिली नमुन्याला ०.०१ एम ईडीटीए फक्त २ मिली लागेल आणि एका थेंबाची चूक २.५ टक्के होईल. अशा नमुन्याला १०० मिली पाणी आणि १० मिलीची मायक्रो ब्युरेट घ्या. पीएच १० चा अमोनिया बफर उघडा राहिला तर अमोनिया उडून जातो, आणि मग एरिओक्रोम ब्लॅक टी (इथला इंडिकेटर) वाइनच्या रंगावरून स्वच्छ निळ्यावर न येता जांभळ्यातच अडकतं. इंडिकेटरचं द्रावण करण्यापेक्षा मिठात एकास शंभर खलून ठेवलेली कोरडी पूड जास्त दिवस टिकते. बफर घातल्यावर पाच मिनिटांत काम संपवा, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागतं.

राहिला अँप्यूलचा प्रश्न. जरूर घ्या, विशेषतः जून ते सप्टेंबर. त्यातलं कॉस्टिक कार्बोनेटमुक्त असतं आणि तोलण्याचा त्रास वाचतो. पण अँप्यूल रिकामी केल्यावर आतून किमान चार-पाच वेळा पाण्याने धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घ्या, कारण भिंतीला चिकटलेलं कॉस्टिक मागे राहिलं तर लिटरभर द्रावण कमी बळाचं होतं. फ्लास्क क्लास एचाच हवा, पाणी उकळून गार केलेलंच हवं, आणि खूण गाठण्याआधी फ्लास्क खोलीच्या तापमानाला यायला हवा. लेबलवर छापलेलं ०.१००० तुमच्या बाटलीत पोहोचलं की नाही हे केएचपीची तीन निर्धारणं करूनच ठरवा. पावसाळ्यात ती दर आठवड्याला करा, आणि प्रत्येक वेळी एकदा एचसीएल आणि मिथाइल ऑरेंजवरही पाहा. दोन आकड्यांतला फरक ०.०००३ च्या पुढे गेला की आधी सोडा लाइम बदला, मग नवीन द्रावण करा. उलट केलंत तर नवं द्रावणही त्याच नळीतून बिघडेल.